पावती गाडीला, खटला माणसाला

केरी, नॉर्थ कॅरोलिना

या गावात कुणाला वेगाचं तिकीट मिळालं की ती बातमी घरच्यांच्या आधी वकिलांना कळते. तीन-चार दिवसांत टपालपेटी भरायला लागते. प्रत्येक लिफाफा वेगळ्या वकिलाचा. आत तुमचं नाव, कलम, कोर्टाची तारीख आणि फी. बाहेर ठळक अक्षरांत 'ही वकिली सेवेची जाहिरात आहे' असं छापलेलं, कारण राज्याच्या बारचा तसा नियमच आहे. नाशिकच्या सिडकोतून इथे नोकरीला आलेल्या ओळखीच्या एका तरुणाने असा गठ्ठा माझ्यापुढे टेबलावर ओतला आणि विचारलं, "काका, यांना माझा पत्ता कुणी दिला?"

कुणी द्यायची गरजच नव्हती. तो कोर्टाच्या दफ्तरात होता आणि ते दफ्तर कुणालाही उघडून पाहता येतं.

इथल्या तिकिटाची सगळी भानगड या एका गोष्टीतून निघते. आपल्याकडे नाशिकच्या मुंबई नाक्यावर सिग्नल तोडला, कॅमेऱ्याने नंबर टिपला, की मोबाइलवर ई-चलन येतं. येतं ते गाडीच्या मालकाला. गाडी मेहुणा चालवत होता की शेजारचा पोरगा, हे कॅमेऱ्याला काय ठाऊक? चलनं गाडीच्या नंबरावर साठत जातात आणि गाडी विकायला काढली किंवा लोकअदालतीची नोटीस आली की माणसाला त्यांची आठवण होते. तोपर्यंत ते थकलेल्या घरपट्टीसारखं एक देणं असतं. इथे पोलिसाने कडेला थांबवून हातात कागद ठेवला, की 'नॉर्थ कॅरोलिना राज्य विरुद्ध' आणि पुढे तुमचं नाव असा खटला उभा राहतो. गाडी कुणाची, हा प्रश्नच गौण. चालवत कोण होतं ते पोलिसाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, लायसन्स हातात घेतलेलं असतं.

कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर आपल्याकडेही तो खटलाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०८ काढून बघा. समन्स आल्यावर कोर्टात न जाता नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवून देण्याची मुभा त्यात लिहून ठेवली आहे. नागपूरच्या आभासी न्यायालयातून चलनं निकाली निघू लागली आहेत, म्हणजे तीच तरतूद आता मोबाइलवर आली म्हणायची. पण कलम २०० मध्ये जागच्या जागी तडजोडीची रक्कम भरून मोकळं व्हायची सोय असल्यामुळे आपला सामान्य दुचाकीस्वार न्यायाधीशाचं तोंडही पाहत नाही. इथे तो टप्पाच नाही. पोलीस पैसे घेत नाही, पावती फाडत नाही. "साहेब, काहीतरी बघा ना" हे वाक्य इथे चुकूनही उच्चारू नये. त्या वाक्यामागे नोट निघाली, तर वेगाचं प्रकरण बाजूला राहून लाचेचा गंभीर गुन्हा दाखल होतो.

आता काउंटी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नाशिकहून फोनवर बोलणाऱ्यांना मी दरवेळी हे सांगत असतो. नॉर्थ कॅरोलिनात शंभर काउंट्या आहेत. केरी आणि राजधानी राली ज्या वेक काउंटीत येतात, तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वाअकरा लाखांच्या पुढे होती. क्षेत्रफळ म्हणाल तर नाशिक जिल्ह्यात अशा सात काउंट्या बसतील. आकाराने आपल्या मोठ्या तालुक्यासारखी, पण अधिकाराने जिल्ह्यासारखी. तिचं कोर्ट तिचं, दफ्तर तिचं. आणि हे सगळे चालवणारे लोक निवडून येतात. शेरीफ निवडून येतो, सरकारी वकील म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी निवडून येतो, कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारा क्लार्क निवडून येतो आणि तुमचं तिकीट ज्याच्यापुढे जाणार तो जिल्हा न्यायाधीशही दर चार वर्षांनी मतं मागतो. निवडणुकीच्या हंगामात रस्त्याच्या कडेला न्यायाधीशांच्या नावांच्या पाट्या रोवलेल्या दिसतात. मला अजूनही त्या पाहून जरा अवघडल्यासारखं होतं. ज्याच्यापुढे हात जोडून उभं राहायचं, त्यानेच आपल्याला हात जोडायचे!

खटला कुठे चालणार हे तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही. तिकीट ज्या काउंटीत मिळालं तिथलंच कोर्ट. इथून वॉशिंग्टनला जाताना आंतरराज्य महामार्ग ९५ लागतो. सीमा ओलांडून व्हर्जिनियात शिरलं की थोड्याच वेळात एम्पोरिया नावाचं छोटं गाव येतं. वेगाच्या तिकिटांसाठी ते इतकं नावाजलेलं आहे, की इकडची मराठी कुटुंबं मुलांना चेरी ब्लॉसम दाखवायला निघाली की एकमेकांना त्या गावाची आठवण करून देतात. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या, म्हणजे साधारण १३७ किलोमीटरच्या वर गेलात किंवा मर्यादेपेक्षा वीस मैल किंवा त्याहून जास्त पळवलीत, की ते बेदरकार गाडी चालवणं ठरतं. कमाल शिक्षा वर्षभराची कैद आणि अडीच हजार डॉलर दंड. कैद क्वचितच होते, पण नोंद फौजदारी गुन्ह्याची होते. त्यातून व्हर्जिनियाची आणखी एक गंमत म्हणजे तिथली ३८ शहरं कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत. एम्पोरिया त्यांतलंच एक. शहराच्या हद्दीत पकडलं तर एम्पोरियाचं कोर्ट, हद्दीबाहेर पकडलं तर ग्रीन्सव्हिल काउंटीचं. चार वर्षांनी कागद शोधायला बसलेला माणूस चुकीच्या दफ्तरात शोधतो आणि 'नोंद नाही' असं वाचून सुखाने झोपतो.

नॉर्थ कॅरोलिनाही काही फार मवाळ नाही. मर्यादेपेक्षा पंधरा मैलांहून जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८० मैलांच्या वर गाडी गेली की साधं उल्लंघन न राहता तो फौजदारी गुन्हा होतो. ८० मैल म्हणजे १२९ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. तिथे सिन्नर ते इगतपुरी ज्या वेगाने आपली मंडळी गप्पा मारत जातात, त्याच वेगाने इथल्या महामार्ग ४० वरून गेलं की नावावर गुन्हा.

बरं, तिकीट मिळालं. पुढे काय?

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ऑनलाइन पैसे भरून मोकळं होणं. आपली माणसं हाच रस्ता धरतात, कारण चलन भरलं की प्रकरण मिटलं, ही आपली सवय. इथे पैसे भरणं म्हणजे कोर्टापुढे कबुली देणं. दंड किरकोळ असतो, कधी तीस डॉलरसुद्धा, आणि त्यावर कोर्टाचा खर्च दीडशे डॉलरच्या पुढे. ते परवडतं. परवडत नाही ती त्यानंतरची विम्याची वाढ. मोटार वाहन विभाग, इथल्या बोलीत डीएमव्ही, कबुलीचे पॉइंट लायसन्सवर चढवतो. तीन वर्षांत बारा झाले की लायसन्स निलंबित होऊ शकतं. विमा कंपन्यांचे पॉइंट त्याहून वेगळे असतात आणि त्यांच्यामुळे हप्ता वर्षानुवर्षं चढा राहतो. घरात नुकतंच लायसन्स मिळालेला सतरा वर्षांचा मुलगा असेल तर तो आकडा ऐकून बापाच्या कपाळावर आठ्या पडतात.

म्हणून लोक वकील करतात किंवा स्वतः कोर्टात जातात. रालीच्या सॅलिसबरी स्ट्रीटवर २०१३ मध्ये सुरू झालेलं उंच जस्टिस सेंटर आहे. सकाळी सुरक्षा तपासणीची रांग, मग दालनात बाकांवर गर्दी. सुतार, नर्स, प्रोग्रॅमर, कॉलेजची पोरं, सगळे एकाच बाकावर. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या कोर्टाच्या आवारातला टायपिस्टचा खडखडाट आणि चहाची टपरी इथे नाही, पण चेहऱ्यांवरची चिंता ओळखीची वाटते. न्यायाधीश उंचावर बसलेले असतात, पण खरी उलाढाल खाली, सहायक सरकारी वकिलाच्या टेबलाशी चालते. तो एकेकाचं नाव पुकारतो, ड्रायव्हिंगचा जुना इतिहास बघतो आणि मिनिटभरात सांगतो काय देऊ शकतो ते. इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाषी कोर्टाच्या खर्चाने मिळतो, फक्त आधी कळवावं लागतं. काही साध्या प्रकरणांत तर ही विनंती आता घरबसल्या ऑनलाइनही करता येते.

तो देतो काय, हे ऐकण्यासारखं आहे. जुना इतिहास स्वच्छ असेल आणि वेग मर्यादेच्या पंचवीस मैलांहून वर गेलेला नसेल, तर वेगाचा आरोप बदलून 'सदोष उपकरण' असा केला जातो. म्हणजे तुमच्या गाडीचा वेगदर्शक काटा बिघडलेला होता. काटा ठणठणीत असतो, हे तुम्हाला माहीत, सरकारी वकिलाला माहीत, न्यायाधीशांनाही माहीत. तरी सगळे गंभीर चेहऱ्याने ते मान्य करतात. तुम्ही दंड, खर्च आणि वर या सवलतीचे पन्नास डॉलर भरता. पॉइंट चढत नाहीत, विमा वाढत नाही. अमेरिकन माणूस नियमाला घट्ट धरून असतो असं आपण ऐकत आलो. या दालनात एक सकाळ काढली की कळतं, तो नियम मोडत नाही, त्याला बाजूने वाट काढून ठेवतो आणि त्या वाटेवर टोलनाका बसवतो.

दुसरी वाट याहून अजब. तिला पीजेसी म्हणतात. गुन्हा कबूल, पण निकाल न्यायाधीश पुढे ढकलून ठेवतात आणि तो बहुधा कायमचाच ढकललेला राहतो. मात्र ती जपून वापरायची वस्तू आहे. डीएमव्ही पाच वर्षांत दोनच मानते, तिसरी साधी शिक्षाच धरली जाते. विमा कंपनी तर एका घरामागे ठरावीक वर्षांत एकच मानते. नवऱ्याने स्वतःच्या तिकिटावर ती वापरून टाकली आणि पुढच्या वर्षी बायकोला गरज पडली, तर ती शिल्लक नसते. या विषयावरून झालेली भांडणं मी दोन घरांत ऐकली आहेत. दोन्ही घरं पुण्याची होती, एवढं नाशिककरांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

आता त्या दफ्तराकडे येऊ. वेक काउंटीत २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनाच कारभार होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि बघायचं तर कोर्टातल्या टर्मिनलवर जाऊन बसायचं. १३ फेब्रुवारी २०२३ ला वेक आणि शेजारच्या तीन काउंट्यांत ई-कोर्ट्स सुरू झालं आणि मग टप्प्याटप्प्याने राज्यभर पसरलं. सुरुवातीचे महिने वाईट गेले. खटले अडकले, वकील वैतागले, चुकीच्या नोंदींमुळे कोठडीत दिवस काढावे लागल्याची तक्रार घेऊन लोक फेडरल कोर्टातही गेले. आता ते बरं चालतं. संकेतस्थळावर नाव टाका किंवा तिकिटाचा क्रमांक टाका, फुकटात खटला समोर येतो. आरोप काय, तारीख कधी, निकाल काय.

आपल्याकडेही ई-कोर्ट्स आहे. नाशिक जिल्हा न्यायालयातला खटला पक्षकाराच्या नावावरून किंवा सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून घरबसल्या पाहता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. यंत्रणा सारखीच, फक्त आपल्याकडे त्यात वाहतुकीची चलनं शोधायला कुणी जात नाही.

इथे नावावरून शोधण्यात आपली अडचण होते ती नावांमुळे. पाटील, कुलकर्णी किंवा देशपांडे टाकलं की यादी लांबते. वडिलांचं नाव कुठे मधलं नाव म्हणून नोंदलेलं, कुठे पहिल्या नावालाच चिकटवलेलं. लग्नाआधीचं तिकीट माहेरच्या नावावर. म्हणून तिकिटाच्या कागदाचा फोटो जपून ठेवावा, निदान क्रमांक आणि काउंटीचं नाव तरी. अख्ख्या अमेरिकेचं म्हणून एक दफ्तर नाही. काउंट्या तीन हजारांच्या वर आहेत. कॅलिफोर्नियात अपील कोर्टाने २०२१ मध्ये जन्मतारीख आणि लायसन्स क्रमांकावरून नोंदी शोधू देण्याला मनाई केली. इकडे नाव टाकलं की सगळं उघडं. राज्य बदललं की उघडेपणाची व्याख्या बदलते.

आणि कोर्टाचं दफ्तर वेगळं, डीएमव्हीचं वेगळं, हेही ध्यानात ठेवायला हवं. एकात खटला कसा संपला ते, दुसऱ्यात लायसन्सवर काय चढलं ते. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी या दोन वह्यांची आठवण होते. वर्षानुवर्षं त्या अर्जात पोलिसांशी कधी संबंध आला का, हे विचारलं जात आलं आहे. अटक नाही, दंड पाचशे डॉलरच्या आत, दारूचा संबंध नाही, तर तिकिटाचे कागद जोडायची गरज नसते, अशी सूचना बरीच वर्षं होती. पण वकील निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवायला सांगतात, आणि मग ज्या गावातून आपण फक्त एकदा गेलो होतो, त्या गावच्या क्लार्कला फोन करून पंधरा वर्षांपूर्वीचं प्रकरण शोधायला लावावं लागतं. क्लार्क बायका बहुतेक सौजन्याने बोलतात, हा माझा अनुभव.

उघड्या दफ्तराचा एक उपयोग इथल्या कायदेपंडितांच्या स्वप्नातही आला नसेल. गंगापूर रोडवर बसून अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी करणाऱ्या वधूपित्याला मुलाची काउंटी कळली, की तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता का, हे चहा पिता पिता पाहता येतं. हे मला बरं वाटतं की वाईट, ते अजून ठरत नाही. साध्या वेगाच्या तिकिटावरून कुणाचं लग्न मोडू नये एवढं नक्की, आणि बापाला सतरा मैल जास्त आणि दारू पिऊन यांतला फरक कळतो, असं धरून चालूया.

दंडाचे पैसे कुठे जातात, हे कळल्यावर मात्र माझं मत या राज्याबद्दल जरा सुधारलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या घटनेच्या नवव्या भागातलं सातवं कलम सांगतं, की काउंटीत गोळा झालेला दंड त्याच काउंटीच्या सार्वजनिक शाळांना द्यायचा. कोर्टाचा खर्च यात येत नाही, दंड तेवढा येतो. या कलमाने एक गंमत केली. गावांनी सिग्नलवर कॅमेरे बसवले होते, कंत्राटदार कंपनीला दर पावतीमागे पैसे द्यायचे होते. २००६ मध्ये हाय पॉइंट शहराच्या प्रकरणात अपील कोर्टाने ठरवलं, की यातले नव्वद टक्के शाळांचे. उरलेल्या दहा टक्क्यांत कंपनीचं बिलही भागेना. एकेका शहराने कॅमेरे गुंडाळले, आमच्या केरीनेही २०१२ मध्ये. म्हणून इथे अजून माणूसच माणसाला थांबवतो आणि म्हणूनच खटला माणसाच्या नावावर राहतो. कॅमेरा सुरक्षेसाठी होता की तिजोरीसाठी, याचा निकाल एका शाळाकलमाने लावून टाकला. नाशिकमध्ये चलनाच्या रकमेवर महापालिकेच्या शाळांचा असा हक्क सांगणारं कलम आलं तर किती कॅमेरे चालू राहतील, हा हिशेब जाणकारांनी करावा.

शिकवणीचा मार्गही इथे आहे. सरकारी वकील कधी चार तासांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग करून यायला सांगतो, मग आरोप हलका करतो. यात नाशिक मागे नाही. २०२१ मध्ये पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी १५ ऑगस्टपासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं आणि पुढच्या महिन्यात विनाहेल्मेट सापडलेल्यांना 'नाशिक फर्स्ट' या संस्थेच्या ट्रॅफिक पार्कात दोन तास समुपदेशनाला बसवलं. तेव्हा त्याची थट्टा फार झाली. इथे पैसे भरून लोक तेच करतात.

तारखेला न जाणं, ही मात्र इथली सर्वांत महागडी चूक. वीस दिवसांत हालचाल झाली नाही तर क्लार्क डीएमव्हीला कळवतो, लायसन्स बेमुदत निलंबित होतं आणि गैरहजेरीचे दोनशे डॉलर वेगळे लागतात. निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर आणखी एक खटला. भीतीच्या याच जागेवर भामट्यांनी बोट ठेवलं आहे. २०२५ मध्ये इकडे डीएमव्हीच्या नावाने 'अखेरची सूचना' देणारे एसएमएस सुटले. त्याच सुमाराला नाशिकचे नातेवाईक मला व्हॉट्सॲपवर आलेल्या ई-चलनाच्या एपीके फाइलबद्दल विचारत होते, उघडली की खातं रिकामं करणारी. दोन्हीकडे उपाय एकच, संदेशातल्या दुव्याला हात न लावता सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन नंबर टाकून पाहायचा.

राहता राहिले पाहुणे. उन्हाळ्यात इकडे येणारे आईवडील नाशिकचं लायसन्स दाखवून गाडी चालवतात आणि एखाद्याला तिकीट मिळतं. कोर्टाची तारीख परतीच्या विमानानंतरची असते. "आता मी थोडाच परत येतोय" म्हणून तो कागद सुटकेसच्या कप्प्यात जातो. खटला इथे उघडाच राहतो, आणि पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन गाडी चालवताना कुणी थांबवलं तर तो पडद्यावर येतो. यावर तोडगा आहे. अशा साध्या प्रकरणांत वकील अशिलाच्या गैरहजेरीत उभा राहू शकतो. एक सही केलेलं संमतिपत्र ईमेलने पाठवायचं आणि फी भरायची. तरुणाच्या टेबलावरच्या त्या गठ्ठ्यातले दोन लिफाफे मी याच कारणासाठी ठेवून घेतले आहेत. जूनमध्ये इंदिरानगरहून त्याचे वडील येणार आहेत आणि ते नाशिक-पुणे रस्ता कसा कापतात, हे त्याने मला सांगितलं आहे.